मॅडम, चाचणीआधीच्या कामाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

निरोप समारंभात तुम्ही कुणालाच तुमच्याबद्दल फार बोलू दिलं नाहीत, म्हणून हे उघड पत्र.

डीआरडीओत, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेत, तुम्ही 'सायंटिस्ट बी' म्हणजे शास्त्रज्ञाच्या पहिल्या पदावर आलात. संशोधनातच राहिला असतात तर तुमच्या नावावर शोधनिबंध जमले असते. तुम्ही खरेदी, नियोजन आणि समन्वय निवडलात. आमच्याकडे ही वाट दुय्यम मानतात. मला ते मुळीच मान्य नाही, आणि याचं कारण तुम्ही आहात.

आमच्या क्षेपणास्त्राच्या मोटर केसिंगसाठी (मोटरच्या बाहेरच्या कवचासाठी) लागणारं कार्बन प्रीप्रेग, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेलं कार्बन धाग्यांचं कापड, उणे 18 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. बाहेर राहिलं की त्यातलं रेझिन हळूहळू पक्कं होत जातं आणि माल वाया जातो. एकदा अशी खेप कस्टम्समध्ये अडकली. तुम्ही आधी तिथल्या शीतगृहात जागा मिळवलीत, मग कागदांच्या मागे लागलात. शिवाय मला बोलावून विचारलंत, "हे बाहेर किती तास टिकतं?" पुढच्या टेंडरमध्ये ती मर्यादा अट म्हणून आली, प्रत्येक खोक्यात तापमान नोंदवणारं यंत्रही आलं. ही अडचण पुन्हा कधी आमच्यापर्यंत पोहोचलीच नाही.

नव्या मुलांना तुम्ही 'अग्नी'ची हकीकत आवर्जून सांगायचात. 1989 मध्ये पहिलं उड्डाण 20 एप्रिलला ठरलं होतं, ते लांबलं. 1 मे ही तारीखही हुकली. क्षेपणास्त्र उडालं 22 मे रोजी. तारीख पुढे गेली म्हणून मान खाली घालायची नसते, हे आम्हाला त्यातून कळलं.

पण खरे आभार त्या आढावा बैठकीसाठी. एका कनेक्टरचा कंपन चाचणीचा अहवाल आला नव्हता आणि वरून घाई होती. तुम्ही शांतपणे सांगितलंत, अहवाल हातात आल्याशिवाय सामान ओडिशातल्या चांदीपूरच्या चाचणी रेंजला निघणार नाही. तारीख बदलायची म्हणजे रेंजची वेळ, विमानांना आणि जहाजांना द्यायच्या सूचना, आसपासच्या गावकऱ्यांना तात्पुरतं हलवण्याची तयारी, सगळं नव्याने जुळवायचं. ते काम तुमच्याच माथी येणार होतं. बोलणीही तुम्हीच खाल्लीत. अहवालाचं काम पाहणाऱ्या आमच्यातल्या सर्वात कनिष्ठ मुलीचं नावसुद्धा निघू दिलं नाहीत. ती आज त्याच गटाची प्रमुख आहे.

आता एक विनंती. नव्या तुकडीला इंडेंट, म्हणजे खरेदीचं मागणीपत्र, नीट लिहिता येत नाही. त्यांच्याशी बोलायला एकदा याल का? तारीख तुम्ही सांगा.

तुमच्या प्रयोगशाळेतला एक शास्त्रज्ञ