बाबांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ

धुळे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मुखपृष्ठाचे तिन्ही नमुने छापूनच पाठवतेय. मोबाइलवर रंग उजळ दिसतात, कागदावर उतरले की मंदावतात. म्हणून कागद हातात घेऊन, दिवसाउजेडी बघा.

पहिल्यावर सूर्यास्त आणि लांब जाणारे रूळ आहेत. देखणं आहे, पण चित्र विकतचं. त्यातलं इंजिन आपल्याकडचं नाही, हे बाबा, तुम्ही चष्म्याशिवाय सांगाल. भुसावळात घरटी कोणीतरी रेल्वेत असतं, तिथला वाचक पहिल्याच नजरेत अडेल.

दुसऱ्यावर तुमचा आवडता, निवृत्तीच्या समारंभातला शाल-श्रीफळाचा फोटो. मलाही तो प्रिय आहे. पण तो नोकरी संपली त्या दिवसाचा, आणि तुमचं पुस्तक सगळं चालत्या गाडीत घडतं. त्याला शेवटच्या प्रकरणासमोर पूर्ण पान देऊ.

माझं मत तिसऱ्याला. भुसावळच्या फलाटावर तुम्ही लाइन बॉक्सवर, गार्डच्या सामानाच्या त्या पेटीवर, बसला आहात. पांढरा गणवेश, काखेत गुंडाळलेले झेंडे, नजर सिग्नलकडे. पेटीवर पांढऱ्या रंगाने घातलेलं तुमचं नाव, आणि शेजारी फडक्यात बांधलेला डबा. त्याची गाठसुद्धा दिसते. आई, तू विचारतेस ना, यांच्या पुस्तकात मी कुठे? ती गाठ तुझी आहे. आत कळण्याची भाकरी आणि ठेचा असणार. कोळशाच्या धुरातून आलेला तो गणवेश नीळ घालून पांढरा ठेवलास तोही तूच.

२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. लाइन बॉक्स म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. दिवा-पंखा नसलेल्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे मालगाडीच्या शेवटच्या गार्डच्या डब्यात, एकट्याने काढलेल्या रात्री, सावदा-निंभोऱ्याला केळीच्या वॅगन भरेपर्यंतचा खोळंबा, हे सगळं तुम्ही लिहिलंय, म्हणून टिकणार आहे. मुखपृष्ठावर तोच माणूस दिसला पाहिजे.

डिझायनर म्हणतो, फोटोत रंग भरून देतो, घडीची रेघही पुसतो. मी नको म्हटलं. अक्षरं मात्र पेटीवरच्या रंगवलेल्या नावासारखी, जाड आणि साधी काढायला सांगितली आहेत. मलपृष्ठावर कोणा मान्यवरांचा अभिप्राय नको, तुमचाच केळीच्या वॅगनचा उतारा घेऊ. खाली आयएसबीएनच्या बारकोडपुरती जागा सोडली की झालं.

एक अडचण आहे. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. फोटो तळहाताएवढा आणि मुखपृष्ठ साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणून मूळ प्रत निदान ६०० ला स्कॅन करावी लागेल. व्हॉट्सॲपवर आलेली चालणार नाही. आणि पानं पक्की झाल्याशिवाय स्पाइनची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीची, जाडी ठरत नाही. सध्या १९२ पानं आहेत, म्हणजे सत्तर जीएसएम वजनाच्या कागदावर साधारण एक सेंटिमीटर. तेव्हा बाबा, खंडवा लाइनचं राहिलेलं प्रकरण आधी पुरं करा, त्यानंतर नवीन काही नको.

मूळ फोटो टपालाने पाठवू नका. शनिवारी दादा इकडे येतोय, त्याच्याजवळ दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून द्या. आणि आई, डब्याचं ते फडकं कोणत्या रंगाचं होतं ते आठवून कळव. मलपृष्ठाला तोच रंग द्यावा असं माझ्या मनात आहे.

तुमची,
ताई