मंत्रिमहोदय, पावसाच्या माहेरी फोन लावायचाय

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. शाळेमागे सुरूचं बन, त्यापुढे पुळण, त्यापुढे समुद्र. या पत्रात एक कबुली आहे आणि एक मागणी. कबुली आधी देतो, म्हणजे नोटीस काढायची असेल तर कुणाला अख्खं पत्र वाचायचा त्रास नको.

गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी लेखी परवानगी नसताना स्वतःच्या मोबाईलवरून मॉरिशसमधल्या एका सरकारी शाळेला व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे सकाळचे साडेदहा, त्यांच्याकडे नऊ. तिथल्या मराठीच्या शिक्षिका पूर्वजांचं गाव शोधत आमच्या तालुक्यात येऊन गेल्या होत्या, तेव्हाची ओळख. परवानगीचा अर्ज मी त्याआधी पाच महिने दिला होता. तो केंद्रातून गटात, गटातून जिल्ह्यात गेला आणि ‘वरिष्ठ स्तरावर मार्गदर्शन मागविण्यात आले आहे’ या वाक्यावर येऊन बसला. अजून तिथंच बसलाय.

कॉल पंचवीस मिनिटं चालला. त्यातली पहिली दहा ‘ऐकू येतंय का?’ मध्ये गेली. मग आमच्या एका मुलीनं विचारलं, “तुमच्याकडे गणपती येतो का?” तिकडून उत्तर आलं, येतो, आणि त्या दिवशी सगळ्या देशाला सुट्टी असते. एक मुलगा उठून उभा राहिला आणि त्यानं पायाचा ठेका धरून दाखवला. त्या नाचाला ते ‘झाकरी’ म्हणतात. आमचा वर्ग एका सुरात ओरडला, “जाखडी!” पुढे काही शिकवायची गरजच उरली नव्हती. पण सहावीतल्या एका पोरानं बारीक नजरेनं विचारलं, “गुरुजी, यांनी स्वेटर का घातलेत?”

साहेब, या पत्राचं मूळ त्या स्वेटरात आहे.

जूनमध्ये आमच्याकडे आगोट संपून पाऊस धरलेला असतो, तेव्हा मॉरिशसला हिवाळा असतो. त्या बेटांच्या आग्नेयेला समुद्रावर या दिवसांत हवेचा दाब चढतो. हवामानशास्त्रात त्याला मास्करीन उच्चदाब म्हणतात, कारण मॉरिशस, रियुनियन, रॉड्रिग्ज या बेटांचं नावच मास्करीन. तिथून सुटलेलं वारं आग्नेयेकडून येतं, मॉरिशसची पोरं कुडकुडवतं आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडतं. पृथ्वीच्या फिरण्यानं तिथं त्याचा रोख उजवीकडे वळतो. मग अरबी समुद्रावरून बाष्प पीत पीत ते सह्याद्रीवर येऊन आपटतं, तेव्हा त्याचं नाव नैर्ऋत्य मोसमी वारं झालेलं असतं. सोमालियाजवळून जाणाऱ्या या वाऱ्याच्या झोताचा नकाशा फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात मांडला. सोप्या भाषेत, आमच्या पावसाचं माहेर मॉरिशसच्या बाजूला आहे. पाठ्यपुस्तकात हे ‘वारे दिशा बदलतात’ एवढ्या ओळीत उरकतं. आमच्या पोरांना ते स्वेटरमुळे कळलं आणि विसरायचं नाही असं कळलं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. समुद्र आणि हवामानबदल यांवर देशोदेशींच्या शाळांनी मिळून काम करावं, असं सगळेच म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक महासागरविज्ञानासाठी ठरवलंय. युनेस्कोचं सहयोगी शाळांचं जाळं १९५३ पासून आहे. शाळकरी मुलांनी तापमान-पाऊस मोजून नोंदी जगासमोर ठेवायचा ‘ग्लोब’ कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे आणि आपला देश त्यात २००० साली सामील झाला. म्हणजे दारं उघडी आहेत. तरी आपल्याकडे ‘आंतरराष्ट्रीय’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती मुंबई-पुण्यातली एसी वर्गाची, इंग्रजी माध्यमाची, लाखांत फी घेणारी शाळा. समुद्र तिच्या खिडकीतून दिसतही नाही. ज्यांच्या घरात उधाणाचं पाणी शिरतं, ज्यांच्या बापाची होडी तौक्ते वादळात फुटली, ती पोरं मात्र ‘ग्रामीण’ या रकान्यात.

मला वाटतं गाठ उलटीकडून सोडवता येईल. किनाऱ्यावरच्या मराठी शाळा आणि मॉरिशसमधल्या मराठी शिकवणाऱ्या सरकारी शाळा यांची जोडी लावा. भाषेचा खर्च शून्य. खरं सांगायचं तर अगदी शून्यही नाही, कारण तिकडची मुलं घरी क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी-फ्रेंच शिकतात, आणि मराठी ही त्यांच्यासाठी पूर्वजांची, पुस्तकातली भाषा आहे. १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांची जहाजं तिथं लागत होती. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसंही होती, आणि पोर्ट लुईचा ज्या धक्क्यावर ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यांच्या पणतूंच्या पणतवंडांना मराठीत बोलायला कुणी समवयस्क मिळत नाही. आमच्यांना बोलायला परदेशी मित्र मिळत नाही. त्या पंचवीस मिनिटांत आमच्या पोरांनी ‘लामेर’ म्हणजे समुद्र हा शब्द उचलला. अजून खेळताना ओरडतात.

हे नातं सरकारला ठाऊक नाही असंही नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये राज्याचे तत्कालीन उपमुख्यमंत्री मॉरिशसला मोका इथं छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला गेले होते. चांगलंच झालं. आता पोरांनाही एकमेकांशी बोलू द्या.

बोलून करायचं काय, हा आपल्या अधिकाऱ्यांचा रास्त प्रश्न असेल. नुसती गप्पांची हौस आम्हालाही परवडत नाही. तर ऐका.

पहिलं काम दोन काठ्यांचं. प्रत्येकी दीड मीटरची, सेंटिमीटरच्या खुणा केलेली, मध्ये ठरावीक लांबीची दोरी. एक काठी वर, दुसरी पाण्याच्या बाजूला उभी धरायची. खालच्या काठीचं टोक आणि समोर समुद्राची क्षितिजरेषा यांचा मेळ डोळ्यानं घातला की त्या दोरीएवढ्या अंतरात पुळण किती खाली उतरली ते वरच्या काठीच्या खुणेवर वाचता येतं. मग दोरीएवढं पुढे सरकायचं. एमरी नावाच्या शास्त्रज्ञाची १९६१ची ही पद्धत आहे आणि पाचवीची मुलं ती एका तासात शिकतात. आमच्याकडे सुरूच्या मुळ्या उघड्या पडल्यात. गाव म्हणतं ‘दर्या आत आला’, पण किती आला आणि कोणत्या महिन्यात आला ते कुणाच्या वहीत नाही. मॉरिशसच्या किनाऱ्यावरही धूप हा रोजचा विषय आहे. दोन्हीकडे महिन्यातून एकदा, अमावास्येच्या जवळच्या दिवशी, ओहोटीला हेच मोजायचं.

भरती-ओहोटीत तर गंमतच आहे. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. मॉरिशसला भरती आणि ओहोटी यांत जेमतेम अर्ध्या मीटरचा फरक. एकच चंद्र, एकच हिंदी महासागर, आणि एवढा फरक का? या प्रश्नावर मी स्वतः दोन रात्री वाचत बसलो होतो. गुरुजीलाही येत नाही असा प्रश्न वर्गात आला की पोरं खूश असतात.

मग वादळं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीची आगरं झोपवून गेलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासात दिसलं की अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या १९८२ ते २००० च्या मानानं २००१ ते २०१९ या काळात ५२ टक्क्यांनी वाढली. त्याच संस्थेनं दाखवलंय की १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराचा पश्चिम भाग उन्हाळ्यात १.२ अंशांनी तापला. आमची पिढी वादळाला नवखी आहे, मॉरिशसची नाही. तिथं वर्षानुवर्षं इशारे ‘वर्ग १’ ते ‘वर्ग ४’ अशा पायऱ्यांनी दिले गेले आणि कोणत्या पायरीला काय करायचं ते पोराटोरांना पाठ. १९६०च्या ‘कॅरोल’ वादळानंतर तिथली लाकूड-पत्र्याची घरं जाऊन काँक्रीटची घरं आली. आमच्याकडे निसर्गनंतर लोकांनी उडालेल्या पत्र्यांच्या जागी पुन्हा पत्रेच घातले, कारण भरपाईत तेवढंच बसत होतं. आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण आम्हा शिक्षकांना मिळतं, त्यात चहा चांगला असतो. पण त्यांच्या आजीनं कॅरोलची रात्र सांगितली आणि आमच्या आजीनं निसर्गची दुपार, तर त्याची सर कुठल्याही प्रशिक्षणाला येणार नाही.

आणि तेल. २५ जुलै २०२० ला ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचं जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळाच्या कड्यावर चढलं. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल खाजणात पसरलं. सरकारची वाट न बघता माणसं बाहेर पडली, उसाचं पाचट कापडात भरून त्याच्या लांबच लांब वळकट्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. आमच्या पुळणीवर दर पावसाळ्यात डांबराचे गोळे लागतात. पोरांच्या तळव्याला चिकटतात, आया रॉकेलनं काढतात, आणि विषय संपतो. कुठल्या दिवशी, कुठल्या वाऱ्यावर, किती आले ते टिपून ठेवलं तर विषय संपणार नाही, सुरू होईल.

नोंद ठेवण्यानं काय होतं म्हणाल, तर मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदली जातेय म्हणून आज समुद्र वाढतोय हे छातीठोकपणे सांगता येतं. जवळचं उदाहरण हवं असेल तर गुहागरचं घ्या. २०२५च्या जानेवारीत तिथं एक ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला आली. तिच्या पायाला धातूची पट्टी होती, ती २०२१ साली ओडिशात गहिरमाथ्याला लावलेली. बंगालच्या उपसागरातलं कासव कोकणात येऊन अंडी घालतं हे कळलं, कारण तिकडे कुणीतरी लिहून ठेवलं होतं आणि इकडे कुणीतरी रात्री वाकून वाचलं.

आता आमच्या अडचणीकडे. पैसा ही मोठी अडचण नाही. काठ्या बांबूच्या होतात, पाण्याचा गढूळपणा मोजायची तबकडी डब्याच्या झाकणाची होते, थर्मामीटर आणि पर्जन्यमापक शाळेच्या अनुदानात बसतात. अडचण भीतीची आहे. परदेशी शाळेशी थेट बोलायचं म्हटलं की प्रत्येक पायरीवरचा माणूस सहीला घाबरतो, आणि त्याचं अगदीच चुकतं असं नाही. मुलांचे चेहरे कुठे जातील, कोण काय विचारेल, उद्या बातमी झाली तर जबाबदार कोण? नियमच नाही तर तो बिचारा काय सही करणार.

म्हणून मागणी नियमाची आहे. किनाऱ्यावरच्या जिल्हा परिषद शाळांना परदेशी सरकारी शाळांबरोबर भागीदारी करायची मुभा देणारा एक शासन निर्णय काढा. मुलांच्या सुरक्षिततेच्या अटी त्यात स्पष्ट लिहा: कॉल शाळेतूनच, शिक्षकासमोर, चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकायची नाही. मंजुरीचा अधिकार जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला द्या, मंत्रालयापर्यंत फाईल यायला नको. आठवड्याची एक विज्ञानाची तासिका या कामाला धरा, नाहीतर हे शाळा सुटल्यावरचं शिक्षकाचं वेड ठरेल. आमच्या नोंदी तपासून ‘इथं चुकताय’ असं सांगणारं माणूस गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून वर्षातून दोनदा मिळालं तरी पुष्कळ. ती संस्थाच मुळात १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून जन्मली, अनेक देशांनी मिळून केलेल्या कामातून. तिला आमची धडपड परकी वाटायची नाही.

आणि एक हात जोडून विनंती. याचा ‘दिन’ करू नका. फलक धरलेल्या मुलांचे फोटो लिंकवर अपलोड करायचा आदेश आला की कुठल्याही चांगल्या गोष्टीचा जीव जातो, हे मी तेवीस वर्षांच्या नोकरीवर सांगतो. आणखी एक आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळही नको. मागे एक काढलं होतं, काही जिल्हा परिषद शाळा त्याला जोडल्याही होत्या, मग ते गुंडाळलं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांनी हार घातले. जिल्हा परिषदेच्या वर्गातून देशोदेशीच्या मुलांना जोडण्याचं त्यांचं काम जगानं पाहिलं. त्या वाटेनं दुसऱ्या कुणाला जायचं तर मात्र अजून पायवाटच आहे, तीही काट्यांतून.

वेळापत्रक मी बघून ठेवलंय. त्यांचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, आमचं जूनमध्ये. जुलैच्या मध्यापासून त्यांना हिवाळ्याची सुट्टी, मग आमची गणपतीची. ती संपली की दिवाळीपर्यंत दोन्ही शाळा भरलेल्या असतात. त्याआधी परिपत्रक निघालं तर पुळणीचं पहिलं मोजमाप एकाच दिवशी दोन्हीकडे घेता येईल. तिकडच्या बाईंनी काठ्या करून ठेवल्यात. आमच्याही तयार आहेत, वर्गाच्या कोपऱ्यात उभ्या आहेत. फोन माझाच राहील, रिचार्जही मीच भरीन. फक्त यावेळी कॉल लावताना दार बंद करायला लागू नये.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातला एक प्राथमिक शिक्षक