डॉ. रॉय पार्क यांच्यावरील पुस्तिकेसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

गणेशोत्सवाची धांदल आहे हे ठाऊक आहे, तरी एवढं वाचाच.

आपल्या मेलबर्नच्या मराठी शाळेतली कितीतरी मुलं फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल, खेळतात. गेल्या वर्षी त्यांच्यासाठी खेळाच्या नियमांचा मराठी तक्ता काढला. त्याच्या छपाईचा सगळा खर्च टार्नीटच्या आजींनी पेन्शनमधून उचलला, पावतीवर नावसुद्धा घालू दिलं नाही. चित्रं काढायला आपलीच एक विद्यार्थिनी रात्र रात्र जागली. वाचनालयाची कपाटं स्वतः जोडून देणारे काका तर हाक मारायच्या आधी हजर असतात. मंडळ उभं आहे ते या माणसांमुळे.

आता डॉ. रॉय पार्क यांच्यावर पुस्तिका काढतो आहोत. क्रिकेटवेड्यांना ते एका चेंडूपुरते माहीत असतात. 1920 सालचा शेवटचा दिवस, एमसीजी हे मेलबर्नचं क्रिकेट मैदान, इंग्लंडच्या हॅरी हॉवेलच्या पहिल्याच चेंडूवर त्रिफळा. कसोटीतला त्यांचा तो एकमेव डाव. पत्नीच्या हातून लोकरीचा गुंडा निसटला, तो उचलेपर्यंत खेळी संपली होती, असं सांगतात.

पण बॅलारॅटला 1892 मध्ये जन्मलेले पार्क त्याआधी फूटी गाजवून बसले होते! वैद्यकी शिकताना 1912 पासून ते व्हिक्टोरियाच्या फूटी लीगमधल्या युनिव्हर्सिटी या विद्यापीठाच्या संघात होते. बिनमानधनाचे विद्यार्थी, समोर कॉलिंगवूड, कार्लटनसारखे तगडे क्लब. संघ लागोपाठ 51 सामने हरला आणि 1914 नंतर लीगमधून बाहेर पडला. त्याच संघातून पार्कनी 1913 च्या हंगामात 53 गोल मारले. पुढे 1915 मध्ये मेलबर्न क्लबकडून खेळले, मग महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय सेवेत गेले. 1956 मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ घेऊन भारतात आलेले इयान जॉन्सन हे त्यांचे जावई. हरून, मान खाली घालून घरी येणाऱ्या आपल्या पोरांना हे पार्क कळायलाच हवेत.

एक सांगते, राग मानू नका. कबड्डीच्या मॅटसाठी हात पसरले तेव्हा बहुतेकांनी उत्तरही दिलं नाही. स्नेहभोजनाला मात्र रांग दारापर्यंत होती. ते मनाला लागलं.

छपाईला 900 डॉलर हवेत, निम्मे जमलेत. रक्कम मंडळाच्या नेहमीच्या खात्यात, संदर्भात 'पार्क' व आडनाव; रोख फक्त रविवारी शाळेच्या वेळेत, पावती तिथेच; करसवलत नाही. मुद्रितं तपासायला दोघं हवेत. छापखान्याची मुदत येत्या 20 तारखेची, त्यामुळे त्याआधीच.

आपली,
चिटणीस