देवगडच्या वाटेवर भेटलेल्यांचे आभार

२५ मे २०२५. एरवी कोकणात मान्सून जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणून म्हाताऱ्या बाबांना घेऊन निर्धास्त देवगडला निघालो. तो त्याच दिवशी येऊन थडकला. रस्ता पाण्याखाली, गाडी बंद, फोनला रेंज नाही. बाबा कुडकुडत होते.

मागून हापूसच्या पेट्यांचा टेम्पो आला. हंगामातला शेवटचा माल, तरी त्या तिघांनी पेट्यांवरची ताडपत्री सोडून बाबांच्या डोक्यावर धरली आणि गाडी ढकलत वाडीपर्यंत आणली. तिथल्या आजींनी बाबांना चुलीजवळ बसवलं, त्यांचे पाय आपल्या पदराने पुसले, ऊन ऊन पेज दिली. "बसा हो, घर तुमचाच आसा."

गडबडीत नावं विचारायची राहिली. बाबा अजून त्या पेजेची आठवण काढतात. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.