उजनीच्या विद्युतगृहाचा हिशेब आधी मांडा : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात सोलापुरात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ‘उजनी किती झाली?’ नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात दुसरं काय विचारणार? भीमेवरच्या या उजनी धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं, वापराच्या हिशेबात न धरलेलं पाणी. टक्केवारी त्याच्या वरून मोजतात, म्हणून आमची टक्केवारी आधी ‘वजा’त चालते. बाहेरच्या पाहुण्याला हे समजावताना नाकी नऊ येतात. असो. धरण भरत आलं की बातमीच्या शेवटी एक ओळ असते : ‘विद्युतगृहातून १६०० क्युसेक’, म्हणजे सेकंदाला १६०० घनफूट पाणी. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

१९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते भूमिपूजन झालं, १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. करमाळा-इंदापूरकडची गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की अजून वर येतं, आणि फोटोवाल्यांची झुंबड उडते. वीज आली ती त्यानंतर काही वर्षांनी. वीजनिर्मितीचा संच एकच, १२ मेगावॉटचा. कोयनेपुढे चिमुकला, पण दोन्ही बाजूंनी फिरणारा. मागणी असेल तेव्हा पाणी खाली सोडून वीज करायची, आणि रात्री विजेला गिऱ्हाईक नसलं की त्याच यंत्राने खालचं पाणी पुन्हा धरणात चढवायचं. चढवायला खर्च होणारी वीज मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच असते. कमाई आहे ती वेळेची : नको तेव्हाची वीज हवी तेव्हा मिळते.

संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला तर २ लाख ८८ हजार युनिट वीज होते. त्यासाठी भीमेत जवळपास ०.१४ टीएमसी पाणी उतरतं. माढ्या-पंढरपूरचा शेतकरी एवढ्या पाण्यासाठी कालव्यावर रात्र काढतो, तेव्हा हा आकडा क्षुल्लक म्हणता येत नाही.

साहेब, आपलं सरकार आता उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे करार हजारो मेगावॉटच्या भाषेत करतंय. उदंचन म्हणजे हेच, पाणी खाली-वर करणं. सरकारच्या दारात हा प्रयोग तीस-पस्तीस वर्षं उभा आहे, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. यश आलं असेल तर मिरवा. फसला असेल तर का फसला तेही सांगा. तेच जास्त उपयोगी पडेल.

वर्षाला किती वीज झाली, पाणी उलट चढवायला किती खर्ची पडली, संच किती दिवस बंद होता आणि तो पाण्याअभावी की बिघाडामुळे, एवढं वर्षवार मराठीत जाहीर करावं. आणि ते नव्या प्रकल्पांच्या जनसुनावणीआधी व्हावं, नंतर नव्हे.

आपला,
एक सोलापूरकर