चि. निनाद यास, कोपराविषयी

चि. निनाद यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कोपराच्या दुखण्याचे काल रात्री मिहिकाकडून समजले. तिच्यावर रागावू नकोस; आईने फारच खोदून विचारले, तेव्हा ती बोलली. थँक्सगिव्हिंगला तू वरच्या फळीवरचा लाडवांचा डबा डाव्या हाताने काढलास, हे आईच्या नजरेतून सुटले नव्हते. कोपराचा विषय या पत्रात एकदाच काढायचा, असे ठरवून मी लिहायला बसलो आहे.

तू पाचवीत असताना आपण इथल्या एव्हरग्रीन स्मशानभूमीत जुन्या काळचा बेसबॉल पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू) चार्ली रॅडबर्न याची कबर पाहायला गेलो होतो. आपल्या ब्लूमिंग्टनमध्येच वाढलेला खाटकाचा मुलगा १८८४ साली प्रॉव्हिडन्स ग्रेज संघासाठी एकाच हंगामात ५९ सामने जिंकतो, याचे तुला केवढे अप्रूप वाटले होते! जुलैत दुसरा पिचर, चार्ली स्वीनी, संघाबाहेर गेला आणि निलंबित असलेल्या रॅडबर्नने उरलेले जवळजवळ सगळे सामने स्वतः टाकण्याचे कबूल केले. त्या बदल्यात हंगाम संपल्यावर त्याला संघ सोडण्याची मोकळीक मिळणार होती. त्या वर्षी त्याने ६७८ हून अधिक इनिंग टाकल्या, आणि हंगामाअखेर न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्स संघाविरुद्ध झालेले तिन्ही सामनेही त्यानेच जिंकले. मात्र सकाळी केस विंचरायला त्याचा हात डोक्यापर्यंत जात नसे. मैदानात आल्यावर तो आधी अगदी जवळून हलकेच चेंडू टाकी, आणि दुखरा हात सैल होईल तसतसा मागे सरके. तुला हाच भाग सर्वांत जास्त आवडायचा, आणि मला आज नेमकी त्याचीच भीती वाटते.

तू म्हणशील, तो त्यानंतरही सात हंगाम खेळला. खेळला खरा, पण तसा हंगाम पुन्हा झाला नाही. शिवाय तो फलंदाजाकडे ५० फुटांवरून चेंडू टाकत होता. तू ६० फूट ६ इंचांवरून, सगळा जोर त्याच कोपरावर देऊन टाकतोस. दुखणे लपवून मैदानात उतरणे म्हणजे शौर्य नव्हे, हे नानांच्या खांद्यावरून तरी आपल्या घरात सर्वांना कळायला हवे होते. पुन्हा उपदेश सुरू झाला, क्षमा कर. तुझे स्कॉलरशिपचे पत्र आईने अजून देवघरातच ठेवले आहे, आणि भेटेल त्याला तुझ्याविषयी सांगताना माझाही आवाज चढतो, हे तुला ठाऊक आहेच. ती स्कॉलरशिप जाईल म्हणून तू गप्प असशील, तर तिची काळजी करू नकोस; फीचे आम्ही पाहू.

एमआरआयचा अहवाल आला की आधी मला पाठव. कोचना मी फोन करणार नाही, ते तुझे तूच सांग. मात्र शनिवारच्या सामन्याआधी सांग, आणि सांगितल्यावर कितीही रात्र झाली तरी आईला फोन कर.

तुझा,
बाबा