थ्रीडी प्रिंटरची घाई नको

शाळेच्या ग्रंथालयात मेकरस्पेस, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हातांनी वस्तू बनवायची जागा, करायचे ठरले, की पहिली चर्चा थ्रीडी प्रिंटरचीच होते. माझी कळकळीची विनंती आहे, सुरुवात पुठ्ठा, कात्री, सुई-दोरा, एलईडी आणि साध्या पेन्सिल सेलने करा. (बटण सेल नकोत; लहान मुलाने गिळला तर जिवावर बेतते.) प्रिंटरचे नोझल, म्हणजे वितळलेले प्लास्टिक सोडणारे टोक, सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, छोटी वस्तू छापायलाही तासभर सहज जातो आणि तोवर सगळा वर्ग नुसता बघत बसतो. सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून तारा जोडण्याचे काम, धूर बाहेर जावा म्हणून खिडकीजवळच हवे. ठोकाठोकीचे तास वाचनाच्या तासांपासून वेगळे ठेवावेत. आणि ग्रंथपालांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. कोणते मूल कोणत्या कपाटापाशी रेंगाळते, हे त्यांनाच ठाऊक असते.

– एक वाचक